फोटोखालचे नाव

धुंडिराज गोविंद फाळके कोण, हे नाशिकमध्ये कुणाला सांगावे लागत नाही. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. मृत्यू नाशिकचा, १९४४ सालचा. आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचे स्मारक. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना पाठ असते. तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, ही गंमतही बहुतेकांच्या कानावर असते. पण त्या चित्रपटाचा कॅमेरा फिरवला कुणी? त्र्यंबक तेलंग यांनी. ते फाळक्यांचे बालमित्र, त्र्यंबकेश्वरचेच. फाळक्यांनी त्यांना बोलावून घेतले, कॅमेरा कसा चालवायचा ते शिकवले, आणि भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचे चित्रण त्यांच्या हातून झाले. तेलंगांचे नाव नोंदींमध्ये सापडते, लोकांच्या तोंडी मात्र नाही.

कॅमेऱ्यामागच्या माणसाचे असे होणे काही नवे नाही. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावाने. बाईने काढलेल्या फोटोला तेव्हा वजन नव्हते. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि तोवर कुठला फोटो कुणाचा हे लावता आले, कारण त्या स्वतः सांगायला होत्या आणि त्यांच्याकडे निगेटिव्ह होत्या. प्रत्येकाचे नशीब इतके चांगले नसते. जालियनवाला बागेच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा १९१९ मध्ये टिपणारे नारायण विरकर मराठी, त्यांचा स्टुडिओ गिरगावात. ते फोटो आपण शाळेपासून पाहत आलो, विरकरांचे नाव मात्र अनेक ठिकाणी त्या फोटोंखाली येतच नाही.

आज या विस्मरणाला वेळ लागत नाही. गुगलवर ‘रामकुंड’ टाकावे, बरा दिसेल तो फोटो उतरवावा, दिवाळी अंकात, हॉटेलच्या संकेतस्थळावर नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लावावा, आणि मन खायला लागले तर खाली लिहावे : ‘छायाचित्र सौजन्य : गुगल’. पत्र आल्याबद्दल पोस्टमनलाच पत्रलेखक ठरवण्यातला हा प्रकार आहे. गुगल फोटो काढत नाही, त्याचा मालकही नसतो; तो कुठे ठेवला आहे एवढेच दाखवतो. ‘सौजन्य : इंटरनेट’ याला तर काहीच अर्थ नाही. वर्तमानपत्रांतले ‘संग्रहित छायाचित्र’ मला त्याहून जास्त खटकते, कारण ते लिहिणाऱ्यांना नियम माहीत असतो. कोपऱ्यात ‘छाया : अमुक’ असे बारीक अक्षरांत छापण्याची चांगली रीत मराठी दैनिकांत आहेच. तोच फोटो दोन वर्षांनी पुन्हा वापरताना अमुक गळतो आणि संग्रह उरतो.

यात दोन गोष्टींची सतत गल्लत होते. परवानगी वेगळी आणि नाव वेगळे. फोटो परवानगीशिवाय उचलला आणि खाली छायाचित्रकाराचे नाव ठळक छापले, तर चोरी माफ होत नाही. उलट कुणाचा फोटो उचलला याची कबुलीच छापली जाते. दुसऱ्या बाजूने, पैसे मोजून रीतसर परवाना घेतला म्हणून नाव द्यायची गरज संपली, असेही नाही. ते परवान्यात काय लिहिले आहे त्यावर ठरते.

काम कुणाचे मानायचे, पैसे देणाऱ्याचे की करणाऱ्याचे, हा वाद नाशिकला फार जुना आहे. पांडवलेण्यांतले शिलालेख वाचले तर तिथे दात्यांची नावे आहेत. नहपानाचा जावई उषवदात आहे, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री आहे, धंभिक गावचे गावकरी आहेत, मुगुदास नावाचा एक कोळीही आहे. कोण, कुठला, काय करतो, काय दिले, सगळे नीट कोरलेले. पण ज्यांनी छिन्नी चालवली त्यांची ओळख सांगावी अशी तिथे रीत नव्हती. जवळजवळ दोन हजार वर्षांनी इंग्रजांनी फोटोसाठी कायदा केला, तोही याच वळणाचा निघाला. १९११ चा ब्रिटिश कॉपीराइट कायदा १९१४ मध्ये इथे लागू झाला. त्यात म्हटले होते की निगेटिव्ह तयार झाली तेव्हा ती ज्याच्या मालकीची असेल, तोच फोटोचा कर्ता समजावा. म्हणजे स्टुडिओचा मालक घरी बसला असेल आणि त्याच्या नोकराने डोक्यावर काळे फडके घेऊन फोटो काढला असेल, तरी कर्ता मालकच. हक्काची मुदत निगेटिव्ह झाल्यापासून ५० वर्षे.

स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ही उलटापालट सरळ केली. कलम २ मध्ये स्पष्ट आहे : छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. मालकीचे मात्र वेगळे कलम आहे, १७ वे, आणि तिथे खरी गंमत सुरू होते. कुणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. नोकरीत असताना काढलेल्या फोटोचा मालक बहुधा नोकरी देणारा. वर्तमानपत्रातल्या पगारी छायाचित्रकाराचा फोटो छापण्यापुरता मालकाचा, बाकीच्या वापरापुरता छायाचित्रकाराचा, अर्थात करारात वेगळे ठरले नसेल तर. आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने पहाटे गोदाघाटावर जाऊन कुणी फोटो काढला, तर कर्ताही तोच आणि मालकही तोच.

लग्नाच्या अल्बमचे उदाहरण घ्या. स्टुडिओला पैसे दिले, लेखी करार काही केला नाही. फोटोंचे पहिले मालक वधूवरांकडचे, म्हणजे ज्यांनी काम सांगितले आणि पैसे दिले ते. तेव्हा नवरीचा फोटो स्टुडिओने आपल्या दुकानावरच्या फलकावर विचारल्याशिवाय लावायचा नाही, ही घरच्यांची तक्रार रास्तच आहे. पण त्याच घरच्यांनी तो फोटो एखाद्या मासिकाच्या मुखपृष्ठाला दिला, तर फोटो काढणाऱ्याला ‘हा मी काढला आहे’ असे म्हणण्याचा हक्क राहतो. हा हक्क कलम ५७ चा. मालकी पूर्ण विकून टाकली तरी कर्त्याचे दोन विशेष हक्क त्याच्याकडेच राहतात : आपले कर्तेपण सांगण्याचा, आणि आपल्या कामाची नाव खराब होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर त्याचे वारसही हे कर्तेपण सांगू शकतात. पूर्वी नेमका तेवढाच हक्क त्यांना नव्हता. त्याच दुरुस्तीने फोटोच्या कॉपीराइटची मुदतही वाढली. आधी ती प्रकाशनापासून मोजत, आता छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे.

हे कलम नुसते कागदावर नाही, हे शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दाखवून दिले. दिल्लीच्या विज्ञान भवनातले त्यांचे भव्य भित्तिशिल्प सरकारने पैसे देऊन करवून घेतले होते. १९७९ मध्ये ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकले गेले, त्याचे तुकडे झाले, त्यावरचे शिल्पकाराचे नावही गेले. सहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. वस्तू सरकारची होती, पैसे सरकारने दिले होते. तरी कलावंताचा हात त्या कामावरून पुसता येत नाही, असे न्यायालयाने मानले. ही शिल्पाची गोष्ट, पण कलम ५७ छायाचित्रालाही तेच आहे.

आता स्टॉक फोटोंकडे येऊ. हा साठा तयार फोटोंचा. छायाचित्रकार आपले फोटो तिथे ठेवतात आणि वापरणारा परवाना घेतो. यात सर्वांत जास्त घोळ ‘रॉयल्टी-फ्री’ या नावाने घातला आहे. अनेकांना वाटते हे फुकट. तसे नाही, एकदा पैसे भरले की दर वापरामागे पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढेच. मालकी मिळत नाही. तोच फोटो उद्या नाशिक रोडच्या दुसऱ्या क्लासच्या जाहिरातीत दिसला तर भांडायला जागा नाही, कारण त्यानेही तोच परवाना घेतलेला असतो.

नावाबाबत प्रत्येक साठ्याची रीत निराळी. शटरस्टॉक, गेटी यांच्याकडे बातमी-लेखासाठीच्या म्हणजे संपादकीय वापराच्या फोटोखाली छायाचित्रकाराचे आणि संस्थेचे नाव द्यावेच लागते. जाहिरातीसारख्या व्यापारी वापरात सहसा नाव मागत नाहीत. अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे हे फुकट साठे. तिथल्या परवान्यात नाव देण्याची सक्ती नाही, दिले तर बरे, एवढेच म्हटले आहे. हे साठे आता मोठ्यांच्या घरात आहेत : पेक्सेल्स आणि पिक्साबे २०१९ मध्ये कॅनव्हाने घेतले, अनस्प्लॅश २०२१ मध्ये गेटीने. माझे मत विचाराल तर सक्ती नसली तरी नाव द्यावे. एक ओळ जाते. त्या छायाचित्रकाराला फोटोचा दुसरा काही मोबदला मिळालेला नसतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक स्वार्थी आहे : वर्षभराने कुणी ‘हा फोटो कुठून आणला’ असे विचारले तर आपल्याच हातात पुरावा राहतो.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने या दोन्हींहून वेगळे. विकिमीडिया कॉमन्सवरचे बहुसंख्य फोटो या परवान्यांखाली असतात, आणि पांडवलेणी, काळाराम मंदिर, गोदाघाट असे काही हवे असेल तर लोक आधी तिथेच शोधतात. इथे पैसे मागत नाहीत, नाव मागतात. नाव हीच किंमत. ती न देता फोटो वापरला तर परवाना आपोआप संपतो, आणि मग तो विनापरवाना वापर ठरतो. नाव द्यायचे म्हणजे चार गोष्टी : छायाचित्रकाराने स्वतःला जसे म्हणवले आहे ते नाव, फोटो जिथून घेतला ती जागा, परवान्याचे नाव आणि त्याचा दुवा, आणि फोटो कापला किंवा रंग बदलले असतील तर तसा उल्लेख. शीर्षक असेल तर तेही द्यावे. मराठीत ते असे सुटसुटीत बसते : ‘छाया : अमुक तमुक / विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापून’. परवान्याच्या नावातली पुढची अक्षरेही वाचावीत. ‘एनसी’ असेल तर पैशासाठी वापर नाही. ‘एनडी’ असेल तर बदल नाही. ‘एसए’ असेल तर तुम्ही त्यावरून केलेले नवे चित्रही त्याच परवान्याखाली खुले ठेवायचे. बॅनर डिझाइन करणारे शेवटच्या अटीकडे हमखास काणाडोळा करतात.

नाव चुकले तर काय होते, याचा जगातला सर्वांत बोलका खटला हैतीचा. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे भूकंप झाला. दानिएल मोरेल हे तिथलेच छायाचित्रकार. त्यांनी काही तासांतच आपले फोटो ट्विटरशी जोडलेल्या एका सेवेवर चढवले. दुसऱ्या एका माणसाने ते उचलून आपलेच म्हणून टाकले, आणि एएफपी या वृत्तसंस्थेने त्याच्या नावाने ते जगभर पाठवले, गेटीमार्फतही. चूक कळल्यावर दुरुस्तीची सूचना निघाली, पण चुकीच्या नावाचे फोटो पुढेही वापरात राहिले. समाजमाध्यमावर टाकले म्हणजे सर्वांना परवानगी दिलीच, हा वृत्तसंस्थेचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने मोरेल यांना आठ फोटोंसाठी सुमारे १२ लाख डॉलर भरपाई दिली.

हक्क सोडून दिलेल्या फोटोंचे काय होते, याची गोष्ट अमेरिकेतल्या कॅरल हायस्मिथ यांची. त्यांनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले, कुणीही वापरावेत म्हणून. काही वर्षांनी त्यांच्याच संस्थेला पत्र आले : तुमच्या संकेतस्थळावर आमचा फोटो आहे, १२० डॉलर भरा. फोटो अर्थात त्यांनीच काढलेला! फोटो साठवणाऱ्या संस्थांनी तो आपल्या दुकानात लावला होता. २०१६ मध्ये त्यांनी तब्बल १०० कोटी डॉलरचा दावा लावला, आणि त्यातला मोठा भाग न्यायालयाने फेटाळला, कारण सार्वजनिक केलेल्या फोटोवर त्यांचा कॉपीराइटच उरला नव्हता. मला हा निकाल कायद्याने बरोबर आणि तरीही खटकणारा वाटतो.

नाव दिले, परवानाही पाळला, तरी एक दार बंदच राहते : फोटोतल्या माणसाचे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात एका मोबाइल कंपनीने फ्लिकरवरचा एका अमेरिकन मुलीचा फोटो जाहिरातीत मोठ्या आकारात लावला. छायाचित्रकाराने तो व्यापारी वापराला खुल्या परवान्याखाली ठेवला होता, पण मुलीला कुणी विचारलेच नव्हते. घरच्यांनी अमेरिकेत दावा केला. तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाला. परवाना फक्त छायाचित्रकाराचा हक्क देतो, मॉडेलची संमती देत नाही, हे मात्र त्यातून सगळ्यांना कळले. स्टॉक साठ्यांमध्ये ‘फक्त संपादकीय वापर’ अशी खूण असते ती याचसाठी.

हे नाशिकला लवकरच कामी येणार आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरातली हॉटेले, टूरवाले, इमारती बांधणारे, पेढे विकणारे, सगळे साधूंचे फोटो शोधणार. भस्म फासलेल्या साधूचा चेहरा बातमीत चालतो. खोल्यांच्या भाड्याच्या जाहिरातीत त्याच्या संमतीशिवाय चालू नये. शिवाय फोटो कुठला, हा प्रश्न. नाशिकच्या सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. त्यामुळे शैव नागा साधूंची शाही मिरवणूक आणि खाली ‘रामकुंड, नाशिक’ असे दिसले की बहुधा फोटो तरी दुसरीकडचा, नाहीतर ओळ तरी चुकीची. प्रयागराजच्या रुंद वाळवंटातली गर्दी ‘नाशिक’ म्हणून फिरताना पाहण्याची तर सवय करून घ्यावी लागेल. फोटोखाली काढणाऱ्याचे नाव असेल तर त्याला विचारता येते : कुठे, केव्हा. नाव नसेल तर विचारणार कुणाला?

त्यातच आपण स्वतःच नाव पुसतो. कॅमेऱ्यातून निघालेल्या फाइलमध्ये कर्ता, श्रेय, कॉपीराइट यांसाठी आत रकाने असतात. व्यावसायिक छायाचित्रकार ते भरून ठेवतात. गुगल २०१८ पासून चित्रशोधात ही माहिती दाखवते. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवला की फोटो लहान करताना ती माहिती झडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेखकांकडून फोटो मागवताना एवढे जरी सांगितले तरी निम्मे काम होईल. कुणी ही माहिती जाणूनबुजून काढून टाकली तर २०१२ पासून कलम ६५ ब प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲपने आपोआप गाळली म्हणून कुणाला तुरुंगात टाकणार नाहीत, पण वॉटरमार्क कापून फोटो वापरणाऱ्याने हे कलम वाचून ठेवावे.

हे सगळे वाचून शाळांनी घाबरू नये. वर्गात शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने फोटो वापरायला कायद्याची मुभा आहे. शाळेच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकाला ती मुभा नाही.

आणि विसरून झालेली चूक सुधारता येते का? क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २०१३ पासूनच्या परवान्यांत, चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत नाव, दुवा वगैरे दुरुस्त केले तर संपलेला परवाना परत मिळतो. त्याआधीच्या २.० आणि ३.० आवृत्त्यांत ही सवलत नाही, आणि काही लोक मुद्दाम जुन्या परवान्याखाली फोटो टाकून, नाव चुकवणाऱ्यांना नोटिसा पाठवून पैसे काढतात. म्हणून परवान्याच्या नावापुढचा तो छोटा आकडाही वाचावा, ४.० असेल तर पत्र आले त्याच दिवशी ओळ बदलून टाकावी, आणि ३.० असेल तर ती फोटो लावतानाच नीट लिहावी.